शिवणीचा दस्ता

अण्णांच्या गालावर उठलेले फोड बिब्याचे होते, आणि तो बिबा मी लावला होता. वाक्य एवढंच आहे. ते बोलायला मला अर्धं आयुष्य लागलं. आमच्या घरात त्या फोडांना वेगळंच नाव पडलं, ते नाव माझ्या वहिनीला चिकटलं, आणि मी ते चिकटू दिलं. त्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की आधी वास आठवतात, चुलीवरची भाकरी आठवते, ओटीवरचं अण्णांचं खाकरणं आठवतं आणि सगळंच गोड वाटायला लागतं. म्हणून चूक आधी लिहून टाकली. आठवणींच्या गोडीत ती हळूच बुडवून टाकायची सवय मला आहे.

आमचं घर घाटाच्या पायथ्याला, कर्जत संपून खालापूर सुरू होतं त्या अंगाला. मागच्या दारातून रान चढत जायचं आणि पुढच्या दारातून भाताची खाचरं उतरत जायची. दुपारी सगळं निवांत झालं की घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांचा धापा टाकल्यासारखा आवाज ठाकुरवाडीच्या बाजूने यायचा. काकू म्हणायची, "चढली बाय एकदाची," आणि मगच पापड उलटायची. आई मी लहान असतानाच गेली होती. काका त्याच्याही आधी गेलेले. त्यामुळे काकूच घर चालवायची. अण्णा म्हणजे माझे वडील, पण तिच्यापुढे तेही आवाज चढवत नसत. दादाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं. वहिनी घाटावरची, कोरडवाहू मुलखातली. तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीला काकू नावं ठेवायची आणि दोन जास्त खायची. "ह्यांच्याकडं भात म्हंजे सणाचं जेवन," असं काकू म्हणाली की वहिनी पदर तोंडाला लावून म्हणायची, "आवं काकू, म्हणून तर मला हितं दिली. रोजच सण." अण्णा ओटीवर हसायचे. घरात नवं माणूस आलं की भिंतीसुद्धा बोलायला लागतात, तसं झालं होतं.

आमच्याकडे एक ठासणीची बंदूक होती. नळीत वरून दारू आणि शिसं ठासायचं, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा, अशी जुन्या पद्धतीची. परवाना अण्णांच्या नावावर, पिकाच्या राखणीसाठी. भात पोटरीला आलं की रानातून डुकरं उतरत. एक कळप शेतात शिरला की सकाळी खाचर लोळण घेतल्यासारखं दिसायचं. अण्णा संध्याकाळी शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, जाऊन बसत आणि दोन बार काढत. बहुतेक वेळा डुक्कर मरायचं नाही, पण घाबरून वर जायचं, आणि तेवढंच हवं असायचं. आज तिथे कुंपणात वीज सोडलेले बंगल्यांचे प्लॉट आहेत. डुकरं मात्र अजून येतात, आणि प्लॉटवाले मला फोन करून विचारतात की काय करायचं. मी काय सांगणार?

त्या पावसाळ्यात बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाला, वाळवी लागली. शिसवीचा, काळाभोर, आजोबांच्या वेळचा दस्ता, पण आतून पोकळ होत आला होता. अण्णांनी तो ओटीवर आपटला तेव्हा भुसा पडला. गावच्या धोंडू सुताराने शिवणीच्या लाकडाचा नवा दस्ता कोरून दिला. शिवण हलकी असते आणि उन्हापावसात वाकत नाही, पण रंगाने पार फिकी, ताकासारखी. अण्णांनी तो हातात फिरवला, खांद्याला लावला, आणि म्हणाले, "बसतो चांगला. पण ही काय बंदूक दिसते का रं? लाटणं दिसतं."

"मी काळा करून देतो," मी म्हणालो.

हे मी उगाच म्हणालो नव्हतो. तेव्हा मी विशीला आलो होतो आणि लागोपाठ काही हंगाम माथेरानच्या एका हॉटेलात कामाला जात होतो. पाऊस सुरू होऊन हॉटेल बंद झालं की खुर्च्या-टेबलांना पॉलिश मारायचं काम निघायचं. तिथल्या पॉलिशवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली मी लाकूड घासायला, भरायला, रंगवायला शिकलो होतो. नेरळपर्यंत उतरून घरी येताना अंगाला स्पिरिटचा वास यायचा, आणि तो मला अत्तरासारखा वाटायचा. घरात मला कुणी कारागीर समजत नव्हतं. दादा शेतीत पक्का, मी अर्धा इकडे अर्धा तिकडे. हा दस्ता म्हणजे माझी परीक्षा होती, आणि ती खंडेनवमीच्या आत द्यायची होती. त्या दिवशी आमच्याकडे कोयते, नांगराचा फाळ आणि बंदूक घटाशेजारी मांडून पुजतात, भावकी दर्शनाला येते. सगळ्यांनी दस्ता बघावा आणि हा कुणी केला म्हणून विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. तेव्हा ती एवढीशी वाटत नव्हती.

मी अंगणात पेरूखाली बाकडं मांडलं. आधी फुटक्या काचेच्या धारेने लाकूड खरवडलं, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. ओल्या फडक्याने पुसलं की लाकडाची लव उभी राहते, ती वाळली की पुन्हा घासायची. वहिनी धान्य पाखडताना मध्येच येऊन दस्त्यावरून बोट फिरवायची. "भाऊजी, ह्यो तर लोण्यावाणी झाला. माझ्या जात्याच्या खुंट्याला पण असंच करा की." मग हिरडे कुटून त्यांचा काढा दस्त्याला पाजला. दुसरीकडे गंजके खिळे आंबट ताकात टाकून ठेवले होते, ते पाणी गाळून हिरड्यावरून फिरवलं. हिरडा आणि लोखंड भेटले की लाकूड डोळ्यांदेखत काळं होतं. तो क्षण मला अजून आवडतो. परवाच नातवाच्या पाटीच्या लाकडी चौकटीला तसंच करून दाखवलं, तर तो म्हणाला, "आजोबा, जादू!" मला वाटलं, ह्याला सांगू नये की जादू कधीकधी कुठे नेते.

सगळा दस्ता काळा झाला, एक जागा सोडून. जिथे नेम धरताना गाल टेकतो, बरोबर तिथे लाकडाच्या रेषा उलट्या होत्या आणि लाकूड रंग धरत नव्हतं. पुन्हा हिरडा, पुन्हा लोखंड, तरी राखेसारखा करडा डाग राहायचाच. खंडेनवमी जवळ आली होती. घट बसले होते. घरात कांदा-लसूण बंद, उपासाची भगर आणि भोपळ्याचे घारगे सुरू. काकू देवघरातून उठली की उदाचा धूर अंगणापर्यंत यायचा, आणि मी त्या डागाकडे बघत बसायचो.

मिस्त्रीने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की बिब्याच्या तेलाने कसलंही लाकूड काळं होतं, पण त्याच्या वाटेला जाऊ नये, ते नीट वाळायला कितीतरी दिवस घेतं आणि तोवर लागेल त्याला उतवतं, फोड आणतं. माझ्या ध्यानात वाक्याचा पहिला भाग राहिला. बिबे घरातच होते. टाचांच्या भेगांना लावायला काकू ते डब्यात ठेवायची. मी दोन बिबे दाभणाला टोचून दिव्यावर धरले, तेल ठिबकलं ते वाटीत घेतलं, आणि हाताला खोबरेल चोपडून, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून त्या डागावर चोळलं. डाग गेला. असा गेला की कुठे होता ते मलाही सांगता येईना. वर चपडी लाखेचं पॉलिश मारलं आणि स्वतःला समजावलं, की आता ते आत बंद झालं.

दस्ता बाकड्यावर वाळत ठेवून मी धोंडू सुताराकडे नळीचे खिळे आणायला गेलो, आणि माघारी येईपर्यंत घाटावरून पाऊस उतरला. दसऱ्याच्या तोंडावर तो तसा न सांगता येतो. मी चिखलातून पळत घरी आलो तर बाकडं ओलंचिंब आणि दस्ता पडवीत, कोरड्या पोत्यावर. पडवीच्या कोपऱ्यात वहिनी बसली होती. तिला कावळा शिवला होता, म्हणून त्या दिवसांत ती बाहेर होती. जेवणाचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, देवघराकडे बघायचंसुद्धा नाही. नवरात्रात तर जास्तच.

"मीच आणला," ती हळू म्हणाली. "हाक मारली, पर कुणीच न्हवतं. पदराखाली धरून पळाले बघा. तुमची एवढी म्हेनत... काकूंना सांगू नका हां भाऊजी. पूजेची वस्तू हाय."

"नाही सांगत," मी म्हणालो, आणि दस्ता उलटून बघितला. त्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. "वहिनी, तुम्ही वाचवलात माझा दस्ता."

ती खूश झाली. पायाची बोटं पोत्यावर घासत म्हणाली, "मग मला खुंटा करून द्या."

दस्ता नळीला बसवला. अण्णांनी बंदूक हातात घेतली आणि उजेडाकडे धरून बघितली. मग दादाला म्हणाले, "बघ रं. हे आपल्या घरातल्यानं केलं." एवढंच, पण त्या वाक्यावर मी नंतर कितीतरी दिवस काढले असते, जर पुढचं घडलं नसतं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी अण्णा माळ्यावर गेले. उकडत होतं, अंगाला घाम होता, आणि ते गाल दस्त्याला टेकवून डुकरांची वाट बघत होते.

बिबा लगेच दिसत नाही. खंडेनवमीच्या सकाळी अण्णा उठले तेव्हा त्यांचा उजवा गाल सुजून डोळ्याला भिडला होता. गालावर पाणी भरलेले फोड होते आणि अंगात ताप. काकूने त्यांना ओटीवर उजेडात बसवलं, हनुवटी धरून चेहरा फिरवला, आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"बिबा लावलास का रं तू त्याला?"

तिने नेमकं विचारलं होतं. गल्लीतली दोन-चार माणसं दारात जमली होती, दादा नारळ सोलायचा थांबला होता, आणि अण्णा उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. दोनच दिवसांपूर्वी ते म्हणाले होते, हे आपल्या घरातल्यानं केलं.

"नाय काकू," मी म्हणालो. "हिरडा आन् खिळ्याचं पाणी."

तिने माझे हात बघितले. ते स्वच्छ होते.

"मंग हे साधं नाय," काकू म्हणाली. "नवरात्रात पूजेच्या हत्याराला कुनाचा तरी हात लागलाय. कुनाचा लागला ते सांगा. देवीपुढं नाक घासू, उतार पडंल. लपवलंत तर डोळा जाईल त्याचा."

मग पडवीतून वहिनी पुढे आली, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "मी उचलला व्हता," ती म्हणाली. "पावसात भिजत व्हता म्हणून." आणि तिने पदराखालून हात काढले. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या कातडीवर तसेच फोड होते. ती दोन दिवस ते झाकून भाकरीचा तुकडा मोडत होती आणि आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं.

काकूने ते हात बघितले आणि तोंडावर हात ठेवला. "बघा. दोगांना खूण दिली देवीआईनं."

त्या वेळी माझ्या जिभेवर खरं आलं होतं, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. आलं नव्हतं. जिभेवर आलं ते हे: "काकू, खोबरेल लावू या का? गार वाटेल." बिब्यावर खोबरेलच लावतात. ते लावलं, दोघांना उतार पडत गेला, आणि काकू भावकीत सांगत राहिली की पोराला बरोबर सुचलं. नाक घासलं ते वहिनीने. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं, लेकरू हाय," पण त्यांनीही दस्ता गोमूत्राने धुऊन घेतला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. खोपोलीपर्यंत मी त्यांची पिशवी उचलून गेलो. वाटेत तिचे वडील झपझप पुढे चालत होते. वहिनीच म्हणाली, "तुमी कुणाला सांगितलं न्हाई, त्ये बरं केलं भाऊजी. माझं मीच सांगितलं." तिला वाटत होतं की मी तिला दिलेला शब्द पाळला.

दिवाळीनंतर ती परत आली, पण घरातलं तिचं हसणं कमी झालं. काकू दुष्ट नव्हती. तिने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी मारलं नाही. फक्त म्हणायची, "हिच्या हाताला देव सोसत नाय." तेवढ्याने सगळं व्हायचं. घटाची माती दुसरी कुणी कालवायची, गौरीला फुलं दुसरी वाहायची, बाळंतिणीची ओटी दुसरी भरायची. दादा तोंडाने काही बोलला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्याने खोपोलीत एका कारखान्यात काम धरलं आणि खोली घेतली. घरात राहिलो काकू, अण्णा आणि मी. बाजरीची भाकरी बंद झाली. अण्णा कधी कधी जेवताना हात थांबवून म्हणायचे, "घर कसं गप झालंय." मी भात कालवत राहायचो. अण्णा गेले तेव्हाही मी बोललो नाही. मेलेल्या माणसाच्या गालावरचा डाग उकरून काय मिळणार, असं म्हणालो. सबबी माणसाला कधी कमी पडत नाहीत.

गेल्या नवरात्रात मी खोपोलीला गेलो होतो. दादाच्या मुलाचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, नव्या सुनेने हौसेने घट मांडायला घेतले होते. ती म्हणाली, "आई, या ना, पहिली माळ तुम्ही घाला." वहिनी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. केस पिकलेले, चष्मा आलेला. साखर चालत नाही असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "नको गं. माझ्या हाताला देव सोसत नाय." आणि हसली.

काकूचं वाक्य तिच्या तोंडात होतं. मला वाटत आलं होतं की तिने आम्हाला सोसलं. तिने तर ते खरं मानलं होतं. मी सोफ्यावरून उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो. डाग, बिबे, दाभण, प्लॅस्टिकची पिशवी, काकूने विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. दादा खाली मान घालून ऐकत होता. सून माळ हातात धरून उभी होती.

वहिनीने बाह्या वर केल्या आणि हातांकडे बघितलं. तिथे आता काहीच नव्हतं.

"मग तेव्हा का नाय बोललात?"

"भीती वाटली वहिनी."

"मला नव्हती का वाटत?" ती म्हणाली. "मी बोलले ना."

मी माफीचा शब्द काढला तर तिने हाताने थांबवला. "मला इथं घरातल्या घरात सांगून काय उपेग? नाव गावात पडलं. काकू हायेत अजून. त्यांना सांगा, मी येते."

काकू आता नव्वदीच्या पुढे आहे. माझ्याकडेच असते, ओटीवर खाटेवर बसून रस्ता बघते, आणि कानाने पार बहिरी झाली आहे. त्याच आठवड्यातल्या रविवारी दादा-वहिनी आले. वहिनी काकूच्या शेजारी खाटेवर बसली. मी समोर उभा राहून सांगायला लागलो.

"मोठ्यानं बोल रं, तोंडात काय ठेवलंस?" काकू म्हणाली.

मी मोठ्याने बोललो. तिला ऐकू जाईना. मग मी ओरडलो. पन्नाशी उलटलेला माणूस भर दुपारी ओटीवर उभा राहून ओरडत होता, "दस्त्याला बिबा मी लावला होता! अण्णांना उतला तो बिबा! वहिनींचा दोष नव्हता!" वाळूचा टेंपो घेऊन चाललेला पोरगा थांबला. शेजारची माणसं दारात आली. त्यातली दोन-तीन त्या खंडेनवमीलाही दारात होती.

काकूला आता ऐकू गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावेल असं मला वाटलं, रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"मी इचारलं व्हतं तुला," ती म्हणाली.

"हो काकू."

"तू नाय म्हनलास."

"हो."

तिने शेजारी चाचपून वहिनीचा हात शोधला आणि धरून ठेवला, पण तिच्याकडे बघायचा धीर तिला होईना. ती रस्त्याकडेच बघत राहिली. माझा आवाज चढलेलाच होता, तो मी खाली आणला नाही. मी वाकून वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, खोटं मी बोललो आणि भोगलंत तुम्ही. मला माफ करा."